सांध्यावरची पाई

"पहिल्या घासाला सफरचंद आणि दुसऱ्या घासाला बटाटा! ही काय थट्टा लावलीय?" वकिलीणबाई कडाडल्या आणि अख्खं ऑफिस हसलं. तो तेवढा हसला नाही. वकिलीणबाई म्हणजे कुणी वकील नव्हेत, बरं का. बसायच्या हिशेबाच्या टेबलावर. पण छत्रीची काडी वाकडी निघाली, नाहीतर साबणाच्या वडीला वास कमी आला, की त्या कंपनीला धारेवर धरल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही, म्हणून ते नाव पडलेलं. त्यांना ते मनातून आवडायचंही. साहेबांना मुलगी झाली म्हणून त्या दुपारी पाईचं मोठं खोकं आलं होतं. हाताच्या पंजात मावेल एवढी ती पाई, मैद्याची खोलगट वाटी, आत सारण, वर मैद्याचंच झाकण. झाकणात चांदणी कापलेली असेल तर सफरचंदाची, दोन चिरा असतील तर बटाट्या-कांद्याची. बाईंच्या हातातली चांदणीची होती, आणि चावलेल्या कडेतून बटाट्याची फोड राजरोस बाहेर डोकावत होती. "आता बघाच तुम्ही," म्हणत त्यांनी पर्समधून फोन काढला. आता फोटो निघणार, मग खोक्यावरच्या नंबरावर फोन जाणार, आणि उद्या त्या कारखान्यात कुणाची तरी कंबख्ती भरणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

तो जागेवरून उठला. लिफ्ट बसवणाऱ्या त्या कंपनीत तो नकाशे काढायचा. गेली कित्येक वर्षं कोपऱ्यातल्या टेबलावर मान खाली घालून. स्वतःहून उठून कुणाच्या टेबलापाशी गेलेलं त्याला फारसं कुणी पाहिलं नव्हतं. "बघू," म्हणून त्यानं बाईंच्या हातातून पाई घेतली, उजेडाकडे धरून एकदा नीट पाहिली, आणि खाल्ली. एक घास, दुसरा घास, कडेचा कडक तुकडासुद्धा. चावून, गिळून, हात झटकून मोकळा. "अहो," वकिलीणबाईंच्या तोंडून कसाबसा आवाज फुटला, "ती उष्टी होती माझी!" "भूक लागली होती," तो म्हणाला, आणि हे उत्तर किती भिकार आहे ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. "भूक? खोक्यात आठ पडल्यात अजून! तुम्ही माझा पुरावा खाल्लात हो!" तेव्हा कुठे सगळे पुन्हा हसले, आणि त्या हसण्याच्या आडोशानं त्यानं ते खोकंही उचललं. उरलेल्या पाई ताटलीत काढल्या आणि खोकं घडी घालून पिशवीत कोंबलं. डोकं दुखतंय असं सांगून तो जिना उतरला तेव्हा जिभेवर दोन्ही चवी अजून होत्या, आणि पिशवी त्यानं काखेत घट्ट धरली होती.

कारण ती पाई कुठून निसटली हे त्या ऑफिसात फक्त त्याला माहीत होतं. ती सांध्यावरची होती. कारखान्यात एकाच पट्ट्यावरून आधी एक सारण जातं, मग दुसरं. सफरचंद संपत आलं की त्याच नळीतून मागून बटाटा ढकलायचा. पण पुढचं सारण मागच्याला काही शिस्तीत वाट देत नाही. त्याच्यात जीभ घालतं, मिसळतं, तोटीच्या कडेला चिकटून बसतं आणि मनात येईल तेव्हा सुटतं. या बदलाला तिथली माणसं सांधा म्हणतात. सांध्यावरच्या पहिल्या पाई उघडउघड दुरंगी निघतात, त्या कच्च्या असतानाच बाजूला काढतात. पण एखादी मागाहून, सगळं स्थिरस्थावर झाल्यावर, साळसूदपणे इतरांच्या रांगेत उभी राहून भट्टीत जाते. वरून तीच चांदणी, तोच रंग, तेच वजन. ती ओळखायला भट्टीच्या दुसऱ्या तोंडाशी एक माणूस उभं असतं. ते माणूस म्हणजे त्याची ताई. आणि ताईच्या हातून सांध्यावरची पाई कधी सुटली नव्हती. त्यांच्या घरात हे गृहीतच होतं, सूर्य उगवतो तसं.

बसमध्ये खिडकी मिळाली. शहर बाजूनं सरकत होतं, दुकानांची काचेची दारं, कुत्र्याला फिरवणारा एक म्हातारा, रंगकाम चाललेली एक भिंत. त्याला काही दिसत नव्हतं. ताईचं नाक गेलं, असं त्याच्या मनानं एकदा म्हटलं आणि मग म्हणतच राहिलं. हिवाळ्यात तिला तो वाईट ताप आला होता. त्यानंतर मध्ये काही दिवस ती म्हणायची, चहा नुसता गरम पाण्यासारखा लागतो रे. तो म्हणाला होता, येईल चव हळूहळू. मग त्यानं विचारलं नाही आणि ती बोलली नाही. खरंच, किती दिवसांत ती कारखान्याबद्दल बोललीच नव्हती! एरवी रविवारी फोनवर तिच्या तोंडी दुसरा विषय नसायचा. आज लोणी कसं मऊ होतं, पीठ कसं रुसलं होतं, चांदणी कापणारं पातं कसं बोथट झालं होतं. हल्ली आपली तीच त्याला विचारायची, तुझी लिफ्ट काय म्हणते, वरच जाते ना? आणि हसायची. आपण त्या हसण्यावर समाधान मानलं, गाढवासारखं. नाकावर पोट असलेली बाई, नाक गेल्यावर काय करणार? कुणाला सांगणार? रोज जाऊन त्या तोंडाशी उभी राहात असेल, अंदाजानं, जीव मुठीत धरून, आणि प्रत्येक सांध्याला आज पकडले जाते की उद्या, म्हणत असेल. त्याला रडू आलं. शेजारच्या सीटवरच्या माणसानं सभ्यपणे पेपर उघडला.

ताईचं नाक म्हणजे काय चीज होती! तो कॉलेजात असताना पहिली सिगरेट ओढून आला, पेरू खाऊन, वडीशेप खाऊन, तोंड तीनतीनदा धुऊन आला, तर ती स्वयंपाकघरातून न बघता म्हणाली, "बारक्या, पेरू कशाला नासवलास?" त्याला ताप यायच्या आदल्या दिवशी ती म्हणायची, तुझ्या डोक्याला आंबूस वास येतोय, उद्या निजून राहा. वडिलांचं विचारायलाच नको, ते कुठे असतात हेच माहीत नव्हतं. आई त्याच कारखान्यात पीठ मळायच्या खात्यात होती, आणि आईचे गुडघे गेल्यावर ताई तिथे लागली. त्याचं शिक्षण तिच्या पगारावर झालं. जेवणं पुष्कळदा सांध्यावरच्या पाईंवर झाली, कारण त्या विकता यायच्या नाहीत आणि टाकवायच्या नाहीत, म्हणून कामगारांना घरी न्यायची मुभा असायची. काय मजा यायची! तोंडात गोड येणार की तिखट, काही सांगता यायचं नाही. वर्गातल्या एका श्रीमंत मुलाच्या घरी त्यानं निव्वळ सफरचंदाची पाई पहिल्यांदा खाल्ली तेव्हा ती त्याला फसवणूक वाटली होती, अर्धीच दिल्यासारखी.

एकदा ताईनं त्याला कारखाना दाखवला होता, घरच्यांना आत सोडायच्या दिवशी. डोक्याला जाळीची टोपी आणि पायांत पिशव्या घालून तो तिच्या मागोमाग गेला, आणि नंतर कित्येक रात्री त्याच्या डोळ्यांपुढून तो पट्टा हलला नाही. छतावरच्या टाकीतून मैदा नळीनं खाली यायचा, बर्फासारख्या गार खोलीत लोण्याचे ठोकळे त्याची वाट बघायचे. घंगाळापेक्षा मोठ्या भांड्यात ते पीठ एकत्र यायचं, पण अगदी थोडंच मळलं जायचं, कारण जास्त मळलं तर चिवट होतं आणि कमी मळलं तर भुगा होतो. मग त्या पिठाला गार खोलीत निजवायचं. "झोप झाली नाही की चिडतं ते, लाटायला गेलं की मागे सरतं," ताई म्हणाली होती, जणू शेजारच्या बाळाबद्दलच बोलतेय. मग पुढे पत्र्याच्या पातळ वाट्यांची रांग, न संपणारी. प्रत्येक वाटीत पिठाचा गोळा टप्पकन पडायचा, वरून गरम ठोकळा यायचा आणि एका दाबात गोळ्याची वाटी व्हायची. तोट्या खाली वाकायच्या, सारण सोडायच्या, मान झटकायच्या. त्यावर लाटलेल्या पिठाची अखंड चादर अलगद पसरायची, साचा बसायचा, कडा चुण्यांनी बंद व्हायच्या, चांदणी कापली जायची, आणि झाकणांमधलं उरलेलं पीठ जाळीसारखं उचलून पुन्हा मागे, मळायच्या भांड्याकडे निघून जायचं. एवढंसं पीठ वाया नाही. मग झाकणांवर पिवळसर तकाकीचा फवारा, आणि मग भट्टी, एखाद्या गल्लीएवढी लांब. एका तोंडानं पांढऱ्याफटक पाई आत जायच्या आणि दुसऱ्या तोंडानं सोनेरी होऊन बाहेर यायच्या, रांगेमागून रांग. कुणी ओरडत नव्हतं, कुणी धावत नव्हतं. आजही ऑफिसात लिफ्टचा नकाशा काढताना, एक भाग दुसऱ्याला कसा वाट देतो ते आखताना, त्याला तो पट्टा आठवतो. सुंदर हा शब्द तो फारसा वापरत नाही, पण ते सुंदर होतं.

आणि त्या सगळ्याच्या टोकाशी ताई, हातात लांब दांड्याचं चपटं उलथनं घेऊन. चांदणीच्या फटीतून सारणाचा रस उकळून वर आलेला असतो. सफरचंदाचा रस पारदर्शक, चकचकीत आणि बटाट्याचा पांढुरका, मंद. शिवाय वाफेला वास. ती डोळे बारीक करायची, नाकपुड्या जरा फुलायच्या, आणि उलथनं असं काही आत जायचं की शेजारच्या पाईला पत्ताही लागू नये. "कशी कळली?" त्यानं विचारलं होतं. "कळली," ती म्हणाली. त्यानं ती पाई तिथेच फोडून पाहिली. आत खरंच, सफरचंदाच्या पोटात बटाट्याचा एक तुकडा, चोरासारखा. तो टाळ्या वाजवायला लागला तर ती केवढी लाजली होती, आणि केवढी खूशही झाली होती.

दोन स्टॉप आधीच उतरून त्यानं ते खोकं फाडलं, नंबराचा भाग आणखी बारीक फाडला आणि रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पिंपात टाकला. आता कुणी ताईच्या केसालाही धक्का लावू शकणार नव्हतं. चालता चालता तो वाक्यं जुळवत होता. ताई, एकदा डॉक्टरला दाखवू या. ताई, तू आता काम सोड, माझ्याकडे ये. ताई, होतं असं, वय झालं की नाक थकतं. प्रत्येक वाक्य मनात म्हणून पाहिलं की ताईचा चेहरा समोर यायचा आणि वाक्याचं पाणी व्हायचं.

आईच्या मागे ताई त्याच दोन खोल्यांत एकटी राहायची. दार उघडून ती म्हणाली, "अगंबाई, आज सूर्य कुठे उगवला? आणि हा चेहरा काय असा, उतरलेला?" मग जरा पुढे वाकली. "पाई खाल्लीस. आमची. लोणी आमचंच आहे. आणि... थांब, सफरचंद आणि कांदा? दोन खाल्ल्यास? हावरटपणा गेला नाही तुझा."

तो दारातच थांबला. तिचं नाक होतं. जिथल्या तिथे, शाबूत, पूर्वीसारखंच खोचक. त्या आनंदातच त्यानं सगळं बोलून टाकलं, भडाभडा, चप्पल काढता काढता. वकिलीणबाई, चांदणी, बटाटा, फोन. "आणि मला वाटलं तुझं नाक गेलं! बसमध्ये रडलो गं मी, वेड्यासारखा."

ताई खुर्चीवर बसली. ऐकता ऐकता तिचा चेहरा असा काही बदलला की तो बोलायचा थांबला. "सांध्यावरची?" ती म्हणाली. "बाहेर आली? दुकानात? नक्की?"

"नक्की म्हणजे काय, मी खाल्ली ना."

"मी नाही रे तिथे आता," ती म्हणाली. "हिवाळ्यापासून नाही. कॅमेरा बसवलाय तिथे." आणि तिनं आपले हात त्याच्यापुढे धरले. बोटांवर बारीक बारीक चिरा होत्या, पुठ्ठ्याच्या कडांनी कापलेल्या. "मी खोकी भरते. तुला सांगणार होते. रोज म्हणायचे, उद्या सांगते."

मग ती सांगत राहिली, शांतपणे, दुसऱ्या कुणाची गोष्ट असावी तशी. तापातून उठून गेली तर भट्टीच्या तोंडाशी एक काळा डोळा टांगलेला. त्याला शिकवायला तिलाच बसवलं. ती पाई काढायची आणि बटण दाबायची, काढायची आणि बटण दाबायची, आणि तो बघायचा. "गुणी आहे हं तो. उगाच नावं कशाला ठेवू? थकत नाही, जांभई देत नाही. पहिल्या आठवड्यात नुसता गोंधळ घालायचा, जरा करपलेली दिसली की काढ बाहेर. मग शिकला. माझ्यासारखा बघायला लागला. मला इतकं बरं वाटलं रे, काय सांगू तुला. आणि ज्या दिवशी त्यानं माझ्या आधी ओळखली, त्या दिवशी घरी येऊन जेवलेच नाही." कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी मात्र शब्द दिला होता. हा महिना संपेपर्यंत बाहेरून एक जरी तक्रार आली, हातात पाई आणि खोकं घेऊन, तर ताई परत आपल्या जागेवर, कॅमेऱ्याच्या शेजारी, कायमची. नाही आली तर ती जागाच बंद. "परवा संपतो महिना."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तो ऐकत होता आणि त्याला एकेक गोष्ट दिसत होती: उजेडाकडे धरलेली पाई, पहिला घास, कडेचा कडक तुकडा, पिंपात पडणारे खोक्याचे तुकडे. "रोज तक्रारीच्या खिडकीवरच्या पोरीला विचारायचे, आलं का गं काही," ताई म्हणाली. "रोज वाटायचं, यावी. आणि रोज वाटायचं, येऊ नये. मी शिकवलाय ना त्याला. कुठे ठेवलीयस ती?"

"काय?"

"पाई. उरलेली. आणि खोकं."

"खाल्ली म्हटलं ना."

"अख्खी?"

"अख्खी," तो म्हणाला. "आणि खोकं फाडून टाकलं. तुला काही होऊ नये म्हणून." "मी बाईंना हात जोडतो. त्या आनंदानं तक्रार करतील, त्यांचा जीव आहे त्यात. मीही येतो, साहेबांना सांगतो—"

"काय सांगशील? पुरावा माझ्या पोटात आहे म्हणून? आणि तू माझा भाऊ. तुझं कोण ऐकणार, बारक्या?" ती बोलता बोलता हसायला लागली. आधी हळू, मग अनावर, पदरानं डोळे पुसत. आणि पुसणं थांबेना तेव्हा त्याला कळलं की हसणं कधीच संपलंय. तो खुर्चीपाशी खाली बसला. आयुष्यात एकदाच त्यानं तिच्यासाठी काहीतरी धाडस केलं होतं, आणि त्यानंच तिचं वाटोळं झालं होतं.

पदर खाली सोडून ती म्हणाली, "कशी दिसत होती?"

"काय?"

"तू उजेडात धरून पाहिलीस म्हणालास ना? झाकण कसं होतं? चांदणीत रस आला होता?"

त्यानं डोळे मिटले. त्याला दिसत होतं. आकार हे त्याचं रोजचं काम. पाहिलेली रेघ तो विसरत नसे. बोलून सांगणं जमेना म्हणून त्यानं पिशवीतली पेन्सिल काढली आणि टेबलावरच्या एका कागदी पिशवीच्या पाठीवर काढायला लागला. कडेच्या चुण्या, डावीकडे जरा दबलेल्या. मध्ये चांदणी. चार टोकांना रस, चकचकीत, म्हणून त्यानं कडा ठळक केल्या. पाचव्या टोकाशी मात्र काहीतरी वेगळं होतं. काय होतं? एक पांढुरकी साय, नखाएवढी, कोरडी आणि कडेला जराशी फाटलेली. त्यानं पेन्सिल आडवी धरून तेवढी जागा हलकेच भरली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

ताईनं कागद दिव्याखाली धरला. डोळे बारीक केले. नाकपुड्या जरा फुलल्या, कागदाला काय वास येणार होता कोण जाणे. मग तिचा उजवा हात मांडीवरून नकळत उचलला गेला, पालथा झाला, पुढे सरकला आणि अलगद परत आला.

"ही?" ती म्हणाली. "ही तर मी झोपेत काढली असती." तिच्या आवाजात तिचा जुना रुबाब होता. कितीतरी वेळ ती ते चित्र न्याहाळत राहिली. मग तिनं मान वर केली आणि थेट त्याच्याकडे पाहिलं. "बारक्या, ही माझ्या हातून सुटली असं वाटलं तुला?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण तिच्यापुढे त्याला ते कधी जमलं नव्हतं. "वाटलं," तो म्हणाला.

तिनं मान डोलावली. मग कागद जपून भिंतीशी टेकवून ठेवला आणि उठून चुलीकडे गेली. "चांगली काढलीयस," पाठमोरीच म्हणाली. "हात धू आता. जेवायला वाढते."